आपल्याच पावलांवर परत

धाकटं कडेवर होतं आणि थोरलीनं हात सोडवून घेतला, ती पळाली ती थेट मोठ्या नाल्याकडच्या उंच गवतात. धाकट्याला घेऊन मला तिच्यामागं पळता येईना. शेजारचे कंबोडियाचे अंकल खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, लॅपटॉप उघडून बसले होते. मी म्हटलं, "अंकल, बेबी, बेबी."

हे अंकल आमच्या क्लेमेंटी भागात कधी गवतावर पाय ठेवत नाहीत. कितीही लांब पडलं तरी सिमेंटवरनंच जातात. त्यांच्या देशात लढाई संपली तरी सुरुंग जमिनीतच राहिलेत. ते काढायला बाहेरच्या देशांनी पैसे द्यावेत म्हणून ते इथनं सगळ्यांना विनवतात. तेव्हा तीच मीटिंग चालली होती. सकाळीच मला म्हणाले होते, "आज नाही म्हणाले तर आमच्या गावचं काम बंद."

तरी ते उठले. स्क्रीनवरचे साहेब बोलतच होते. गवतापाशी थांबून त्यांनी जमीन न्याहाळली, मग एकेक पाऊल टाकत गेले, तिला उचललं आणि ओल्या मातीतल्या आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत आले. पोरगी इथल्या बोलीत वैतागली, "अंकल, फास्टर ला."

"नो फास्टर," ते म्हणाले.

लॅपटॉपवर कोणीच नव्हतं. मी सॉरी म्हटलं, तर म्हणाले, "परत विचारीन."

पैसे अजून आले नाहीत. ते पोरीला पेरू कापून देतात आणि मला मान वर करवत नाही. मी हाक मारायला नको होती का? तुम्ही काय केलं असतं?