लोहाच्या तीन पुड्या

आमची आई तोंडाची फटकळ. बेकरीत तिला सगळे ठिपकेबाई म्हणतात, कारण पिठात रक्तवाढीसाठी घातलेलं लोह नीट मिसळलंय की नाही, हे ती तपासते. बशीत चिमूटभर पीठ थापायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे, लाल ठिपके उठले की मोजायचे. मी पाव बांधायच्या टेबलावर असते. तिची काचेची खोली समोरच दिसते.

बाबाही बेकरीतच, कणीक मळायच्या यंत्रावर. पिठाच्या दर खेपेला लोहाची एकच पुडी टाकायची, जास्त झालं तर पोटाला बाधतं. एक चूक आईच्या तपासणीच्या कागदावर आली की माणूस यंत्रावरून खाली, असा नियम. छत्तीस वर्षांत बाबा एकदाही चुकले नाहीत. हे ते घरी इतक्यांदा ऐकवत, की आई म्हणायची, "अहो, आता भिंतींनाही पाठ झालंय."

त्या सकाळी लहान मुलांच्या शाळेचे पाव गाडीत चढत होते. तेवढ्यात आई खोलीतून बाहेर आली. हातात बशी होती. बशीत मोजायला ठिपके उरलेच नव्हते, सगळं पीठ लालभडक.

"गाडी थांबवा," ती ड्रायव्हरला ओरडली आणि तडक बाबांकडे गेली. "अहो, या खेपेत किती पुड्या टाकल्यात?"

"एक. किती टाकणार?" बाबा भडकले. "तुझं औषधच नासलंय."

आईने नवी बाटली फोडली. पुन्हा तेच. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "शाळेतून दोनदा फोन आला. सोडू का गाडी?"

आईने नुसती मान हलवली असती तर बाबांचं काम वाचलं असतं. खरं सांगते, तिने ती हलवावी असंच मला वाटत होतं. चारशे पोरांच्या पोटाचा विचार माझ्या मनात आलाही नाही. त्याची लाज अजून वाटते.

आई यंत्राशेजारच्या डब्यापाशी वाकली. पुढच्या खेपेची पुडी फाडण्याआधी तो रिकामा करतात. आत फाडलेल्या पुड्या होत्या. तीन.

"दोन असत्या तर चूक म्हटलं असतं," ती पुटपुटली.

बाबा पुड्यांकडे बघतच राहिले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं.

आईने कागदावर 'पाठवू नये' असं लिहून सही केली. पाव उतरू लागले. आता बाबा तिच्यावर तुटून पडणार म्हणून मी मध्ये गेले, पण ते यंत्राकडे वळले. पुढच्या खेपेचं पीठ यंत्रात पडलं होतं. त्यांनी पुडी घेतली, फाडायला अंगठा लावला आणि तसेच थांबले.

"अगं," ते आईला हळूच म्हणाले, "एक टाकली का गं मी आत्ता?"

आईने पुडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"चला, हात धुऊन घ्या," ती म्हणाली. "आपण घरी जाऊ."