नऊ गावांची एक किल्ली

बारामती-इंदापूर एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास, मांडीवर कापडी पिशवी.

मी रक्त तपासणाऱ्या लॅबचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्या सकाळी नऊ गावांतल्या केंद्रांवर पेशंटचे रिपोर्ट अडकले होते. गाडीत बसूनच मी एकेका कॉम्प्युटरमध्ये शिरत होतो. प्रत्येक ठिकाणी चार-पाच वेळा आत-बाहेर, आणि दर वेळी लांबलचक पासवर्ड. मी तो टाकायला लागलो की त्या न सांगता खिडकीकडं तोंड फिरवायच्या.

कळंबच्या केंद्रावर माझा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर दिवसभर ते दार बंद.

"पासवर्डाऐवजी किल्ली का बनवत न्हाईस?" त्या म्हणाल्या. "मी कारखान्यात हेच काम केलं, रिटायर होस्तवर."

त्यांनी लॅपटॉपवरच किल्ल्यांची जोडी, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फायली, बनवायला शिकवलं. "एक तिकडं समद्या कॉम्प्युटरवर ठिवायची. दुसरी तुझ्यापाशीच, कुणाला द्यायची न्हाय. तिला परवलीचा शब्द घाल. लॅपटॉप चोरीला गेला म्हंजी?"

तो शब्द सकाळी एकदा टाकला की लॅपटॉप दिवसभर ध्यानात ठेवतो, म्हणाल्या. पहिली किल्ली पाठवण्यापुरता मी सगळीकडं शेवटचा पासवर्ड टाकला. खड्डे आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी लॅपटॉप धरून ठेवला. कळंबही उघडलं. त्यानंतर कुठल्याच कॉम्प्युटरनं पासवर्ड विचारला नाही.

निमगाव केतकीला उतरताना त्यांनी विचारलं, "रिपोर्ट गेलं का?"

"गेले, मावशी."

"मग आता डोळं मिट जरा."

मी मिटले. इंदापूरला कंडक्टरनं हलवून उठवलं.