यादीकाकू आणि अडलेला गळा

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असणाऱ्या काकूंना सगळे यादीकाकू म्हणत. ते औषधांवरून नव्हे, फोनवरून. समाजमाध्यमावर सगळी दुनिया एकदमच बोलत सुटते, त्यात आपल्याला हवं ते माणूस सापडायचं कसं? म्हणून काकूंनी खाती निवडून याद्या लावल्या होत्या. विणकाम करणारे एका यादीत, कुंड्यांत झाडं लावणारे दुसरीत, पाखरांच्या मागे लागलेले तिसरीत. याद्या सर्वांना खुल्या. ओळख ना पाळख अशी माणसंही त्या धरून वाचत.

सुटीच्या दिवशी काकू याद्या निवडायला बसत. जाहिराती करणारा बाहेर, भांडकुदळ बाहेर, कित्येक महिने गप्प बसलेला तोही बाहेर. दुकानात मुदत संपलेली औषधं काढताना हात अडखळत नसे, तसाच इथेही.

फक्त एका खात्यापाशी बोट थांबे. त्या खात्यावर चेहरा कधी दिसला नव्हता. दोन सुरकुतलेले हात आणि करड्या लोकरीचा स्वेटर, एवढंच. पाठ झाली, पुढा झाला, बाह्या झाल्या. काकूही पाहून पाहून काकांसाठी तसाच विणत होत्या. ‘उद्या गळा दाखवते’ म्हणून त्या बाई ज्या गेल्या, त्या गेल्याच.

“याला गळा फुटणार आहे का?” काका अर्धा स्वेटर छातीशी धरून विचारत.

“गळा काय, कुणाचाही बघून विणीन हो. पण त्यांचं काय झालं असेल?”

“कंटाळल्या असतील.”

“एवढं विणून गळ्यापाशी कोण कंटाळतं?”

काकूंनी जुने फोटो पुन्हा उलगडून पाहिले. शेवटच्या दोन-तीन फोटोंत उलट टाक्याच्या जागी सुलट पडला होता. अशी चूक त्या हातांची नव्हती. देवा, असतील तिथे बऱ्या असू देत.

खातं काढवेना, ठेववेना. शेवटी त्यांनी स्वतःपुरती नवी यादी केली, ‘कुठे गेलात?’ अशा नावाची, आणि त्यात त्या बाई घातल्या. सोबत चिमण्यांचे फोटो टाकणारा एक गप्प झालेला शिंपीही घातला. यादीला कुलूप लावायचं मात्र राहून गेलं. उघड्या यादीत घातलं की त्या माणसाला तसं कळतं, हे काकूंना ठाऊक होतं. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

पहिला शिंप्याचा निरोप आला. “मी इथेच आहे. चिमण्या गेल्या.”

काकूंचे कान तापले. आता त्या बाई काय म्हणतील? संध्याकाळी त्यांचाही आला. “कुठे जाणार? मोतीबिंदू काढला. सूनबाईनं सुया लपवल्यात, हेही तीच लिहून देतेय. विचारणारं कोण?”

काकूंनी लिहिलं, “गळ्यापाशी अडलेली एक.”

“टाके सुईवरच आहेत ना? मग उसवू नका. मी सांगते, सून लिहील.”

काकूंनी डोळे मिटून हात जोडले आणि सुईवरचा अर्धा स्वेटर आणायला उठल्या.

“आधी त्या यादीला कुलूप लाव,” काका म्हणाले, “नाहीतर रोज कुणीतरी हजेरी लावत बसेल.”

काकूंनी फोन हातात घेतला, जरा विचार केला, आणि तसाच ठेवून दिला.

“राहू द्या उघडी,” त्या म्हणाल्या. “गप्प झालेले अजून बरेच जण बाकी आहेत.”