खुर्चीवरचा रुमाल

गेल्या रविवारी दुपारी गावच्या वाचनालयाच्या सभागृहात दोन विनोदवीरांनी, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी का, यावर जाहीर वाद घातला.

पहिला म्हणाला, "हा शुद्ध असभ्यपणा आहे."

"अरे, कुणाच्या तरी मळक्या रुमालाला अख्खी गाडी मान देते," दुसरा म्हणाला. "याहून सभ्य माणसं दाखव मला!"

लोक हसले. त्यात तथ्य होते. परक्याचा रुमाल सहसा कोणी उचलून फेकत नाही. ज्याला पाहिलेले नाही, तो येईल यावर आपण विश्वास ठेवतो. फक्त त्या विश्वासापायी समोर उभे असलेले माणूस नजरेतून सुटते.

दुसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीवर रुमाल होता. भिंतीशी एक आजी काठीवर भार देऊन उभ्या होत्या.

पहिल्याने विचारले, "हा रुमाल कुणाचा हो?"

शेजारच्या बाई ओशाळल्या. "माझा. मुलगा येतोय."

दुसरा आजींकडे वळला. "आजी, तुम्ही काठी टाकायची होतीत की!"

आजींसकट सगळे हसले. बाईंनी रुमाल कमरेला खोचला आणि आजींना हाताला धरून बसवले.

मुलगा वीस मिनिटांनी आला. कार्यक्रम संपेपर्यंत तो उभा होता.