इंजेक्शननंतरचे आठ दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. डॉक्टर ‘आजचा दिवस’ म्हणाले होते. मी घरी येऊन ‘आठ दिवस’ सांगितले.

दोन हजार आठ-नऊ साल असेल. आप्पा, म्हणजे माझे वडील, हुपरीत चांदीची पैंजणं करायचे. फुंकणी तोंडात धरून ज्योतीवर फुंकर घालायची आणि कडीला कडी जोडायची, हे चाळीस वर्षं. फुंकर अशी की ज्योत सुईसारखी सरळ जायची. त्याच फुप्फुसात गाठ दिसली. कोल्हापूरच्या डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली. अंगात किरणोत्सारी औषध टोचायचं, ते गाठीत साठतंय का हे यंत्रावर बघायचं. त्यासाठी आम्ही पुण्याला गेलो.

सिस्टर जाडजूड कवचातली सिरिंज घेऊन आली. आप्पांनी लांबूनच ओळखलं.

“शिसं हाय न्हवं ते? मग आतला माल जहाल असणार की!”

टोचल्यावर तासभर न बोलता, न हलता पडून राहायचं होतं. आप्पांना गप्प बसणं जमेल असं मला वाटत नव्हतं. पण बोटही हललं नाही. सिस्टर म्हणाली, “आजोबा, असा पेशंट नाही बघितला.”

तास संपला होता, म्हणून आप्पा बोलले. “चाळीस वर्षं ज्योत धरलीया, बाई. हललं की कडी वितळती.”

मला त्या वेळी छाती फुगल्यासारखं झालं. हाच माझा बाप.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, आजचा दिवस गरोदर बाई आणि लहान मुलांपासून लांब राहा. बायकोला सातवा महिना होता, तोही लग्नानंतर नऊ वर्षांनी. मी घाबरलो. एसटीत त्यांना पुढं बसवून मी मागं जाऊन बसलो. घरी आल्यावर ‘डॉक्टरांनी आठ दिवस सांगितलेत’ म्हणालो आणि त्यांचं अंथरूण परसातल्या कामाच्या खोलीत टाकलं. ताट उंबऱ्याबाहेर ठेवायचो आणि मागं सरायचो.

शेजारी रस्त्यावरूनच ओरडला, “आप्पा, अंधारात चमकताय म्हणं?”

“व्हय की! तुझ्यात येऊन बसू काय? लाईट बिल वाचंल.”

आठव्या दिवशी आप्पा बाहेर आले ते बाळाचे वाळे घेऊन. कडीला कडी कुठं जोडलीय, ते शोधून सापडेना. गाठही कॅन्सरची निघाली नाही, जुन्या क्षयाची खूण होती. माझी मुलगी तेच वाळे घालून चालायला शिकली.

गेल्या महिन्यात त्यांच्या फुंकणीच्या डब्यात पुण्याच्या सिस्टरनं तेव्हा दिलेला सूचनांचा मराठी कागद सापडला. ‘संध्याकाळपर्यंत लांब राहावे’ यातल्या पहिल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठ दिवस ते माझी भीती सांभाळत बसले होते, आणि एका शब्दानं बोलले नाहीत.

आप्पा आज ऐंशीच्या पुढं आहेत, बाहेर कट्ट्यावर बसलेत. त्यांचे सात दिवस मी देणं लागतो. आणि त्यांच्यासमोर बसून ‘मी खोटं बोललो’ एवढं सांगणंही.