तीन पूर्णांक त्र्याऐंशी

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला अमरावतीच्या कॉलेजातलं, हँडल फिरवून आकडेमोड करायचं मशीन आठवतं. तेव्हा मी एम.एस्सी.ला होते, हिवरखेडच्या आमच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. सरांनी एक सूत्र दिलं होतं. शून्य आणि एकच्या मधली संख्या त्यात घालायची, येईल ते उत्तर पुन्हा त्यातच घालायचं, आणि उत्तरं कुठे जास्त दाटतात ते पाहायचं. सूत्रातला गुणक तीन पूर्णांक ब्याऐंशी होता तोवर ती फेकलेल्या सरकीसारखी विखुरली. त्र्याऐंशी केला आणि थोड्या वेळानं तीच तीन उत्तरं पाळीपाळीनं येऊ लागली. सर कागद पाहून कडाडले, "कंटाळून तेच तेच उतरवून राहिली काय? एवढ्याशा फरकानं असं होते काय? परीक्षेले बसू देणार नाही." मी म्हटलं, "मी काहून खोटं लिहीन, सर? तुमी फिरवून पाहा." तापलेल्या त्या खोलीत त्यांनी कोट काढून बराच वेळ हँडल फिरवलं. तीनच उत्तरं आली. ब्याऐंशीवर परतले, तर पुन्हा सगळी विखुरली. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "हे तुले आधी कोणं सांगितलं?" परीक्षेला मी बसले, पहिल्या वर्गात पासही झाले, पण पेपरभर सर माझ्याच बाकामागे उभे होते, आणि अजूनही लिहिताना कुणी मागे येऊन उभं राहिलं की माझा हात थांबतो.