खापर रागाच्या माथी

गल्लीतल्या बायका तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. ती कपडे शिवायची हे खरं, पण नाव पडलं होतं जिभेवरून. गिऱ्हाइकाने माप चुकवलं, सुनेने दिवा चालू ठेवला, नवऱ्याने ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, की ही सुरू.

त्यामुळे तिच्या पोटात आग पडायला लागली आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठरात जखम निघाली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. “रागाने आतून पोखरलं,” नवरा म्हणाला. डॉक्टरबाईंनी आम्ल कमी करणारी गोळी दिली आणि विचारलं, “आणखी काही औषधं चालू आहेत?”

“छे!” ती ठणकावून म्हणाली.

बाकीचा इलाज घरच्यांनी हाती घेतला. तिखट बंद, तोंडही बंद. पोट बरं व्हावं म्हणून तिनेही मुकाट्याने ऐकलं. घरात अशी शांतता नांदली, की सून शेजारणीला म्हणाली, “दुखणं असावं तर असं!” ओला टॉवेल आता थेट पलंगावर पडायचा. कात्री तो उचलून दोरीवर टाकायची.

दोन महिन्यांनी पाहिलं, तर जखम जशीच्या तशी. अशी जखम करणारे जंतूही तपासणीत सापडले नव्हते. डॉक्टरबाई चक्रावून कागद चाळत होत्या, तेवढ्यात कात्रीने मान चोळत पर्समधून एक गोळी काढली आणि तोंडात टाकली.

“ही कसली?”

“ही होय? मशीनवर वाकून मान धरते ना, त्याची. दिवसातून दोन-तीन घेते. वर्षं झाली.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही औषधांचं विचारलंत. ही नुसती दुखण्यावरची गोळी!”

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, जठराचं अस्तर हीच सोलते. मी एकीकडून टाके घालतेय, तुम्ही दुसरीकडून उसवताय.”

हे मात्र तिला चटकन कळलं.

नवऱ्याने चाचरत विचारलं, “पण राग तर आवरायलाच हवा ना?”

“आवरला तर चांगलंच. पण ही जखम रागाची नाही.”

त्याचा चेहरा पडला. हिचा उजळला.

मानेची गोळी सुटली, मशीन उंच टेबलावर चढलं, आणि पुढच्या तपासणीत जखम भरलेली दिसली. मान मात्र अजून धरते. संध्याकाळी सून शेक द्यायला बसते. कात्री मान न हलवता, गप्प राहिलेल्या दिवसांतली सुनेची एकेक चूक आठवून आठवून सांगते.